जात वाईट ठरवण्याआधी: मामी सपोटे, अ‍ॅटेमोया आणि इतर दुर्मीळ फळझाडांची तुलना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच-सहा वर्षांपूर्वी अकरा कलमे लावलीत. मामी सपोटेच्या पांटिन आणि मगान्या या दोन जाती, सीताफळाच्या कुळातल्या अ‍ॅटेमोयाच्या गेफ्नर, आफ्रिकन प्राइड आणि पिंक्स मॅमथ या तीन, ब्लॅक सपोटेची दोन झाडे, लिचीसारखे फळ देणाऱ्या रामबुतानची दोन, आणि ड्युरियन या काटेरी सालीच्या मोठ्या फळाच्या मोन्थोंग व मुसांग किंग या जाती. दोन हंगाम झाले. पांटिनचा गर फिका आणि रबरासारखा लागला, मगान्या गोड निघाली. पिंक्स मॅमथला चारच फळे धरली, तीही वाकडी. ब्लॅक सपोटेच्या एका झाडाचे फळ तुरट, दुसऱ्याचे बरे. रामबुतानच्या एका झाडाला भरभरून फुलोरा येतो, फळ एकही नाही. ड्युरियनची फुले सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात. जागा अपुरी पडते आहे, म्हणून कोणती पाच झाडे ठेवावीत आणि बाकीची तोडावीत की त्यांच्यावर दुसऱ्या जातीचे कलम बांधावे, हे तुम्हाला हवे आहे.

या वर्षी एकही झाड तोडू नका. रामबुतानच्या एका झाडाचा निर्णय येत्या फुलोऱ्यात होईल, बाकी दहांचा आणखी निदान दोन हंगामांनी. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि जातीचा दोष सिद्ध करणारे एकही वाक्य मला त्यात सापडले नाही. काढणीचा, परागीभवनाचा आणि झाडाच्या कोवळ्या वयाचा दोष मात्र जागोजागी दिसला. तीस वर्षे अशीच झाडे वाढवतो आहे. चांगल्या जाती वाया गेल्या त्या बहुतेक अशाच घाईत गेल्या.

पांटिनपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचा निकाल उलटा फिरण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. मामी सपोटे चिकूच्या कुळातले झाड, आणि अडचणही चिकूसारखीच: कच्चे फळ आणि तयार फळ बाहेरून सारखेच तपकिरी, सारखेच खरखरीत. त्यात भर म्हणजे फुलापासून तयार फळापर्यंत जात आणि हवामान यांनुसार १३ ते २४ महिने लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर ताजी फुले, लहान फळे आणि तयार फळे एकत्र असतात. आकाराने पूर्ण वाढलेले दिसणारे फळ आणखी कित्येक महिने अपक्व असू शकते. आकार पाहून काढलेत तर हमखास फसाल.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे. देठाजवळची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवा रंग दिसला तर त्या फळाला हात लावू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा. गुलाबी, नारिंगी किंवा लालसर दिसला तर फळ तयार आहे. मग ते देठाच्या तुकड्यासकट कापून घ्या. उबदार जागेत ठेवल्यावर साधारण ४ ते ७ दिवसांत ते सगळीकडून सारखे मऊ होते. हिरव्या अवस्थेत काढलेले फळही मऊ होते, फसवणूक होते ती इथेच. पण ते एका बाजूने मऊ होते, दुसऱ्या बाजूला कडक राहते, गर फिका असतो आणि चावताना रबरासारखा ताणतो. तुम्ही पांटिनसाठी वापरलेला शब्द हाच आहे. मगान्याचे फळ पांटिनपेक्षा मोठे असते आणि दोघींचा तयार होण्याचा काळही एक नसतो. दोन्ही झाडांची फळे तुम्ही एकाच दिवशी काढली असतील, तर एक तयार होती आणि एक नव्हती, एवढेच त्यातून कळते.

माझ्याकडे हे असेच घडले होते. एका मामीच्या झाडाची फळे दोन हंगाम बेचव लागली, म्हणून मी सगळा माथा कापून त्यावर दुसरी जात बांधली. माथा बदलताना रस ओढायला जुनी एक फांदी राखावी लागते, नाहीतर मुळे उपाशी पडतात. ती मी खाली राखली. कलमे जगली, वाढू लागली, आणि पुढच्या वर्षी त्या राखलेल्या फांदीवर पाच फळे आली. तोवर मला खरवडून पाहण्याची सवय लागली होती. त्या पाच फळांइतका दाट, बिनरेषांचा, गडद गर मला त्यानंतर फार क्वचित मिळाला. दोष झाडात नव्हता, माझ्या काढणीत होता. आज त्या झाडावर दोन्ही जाती आहेत. पण जुन्या जातीची सात वर्षांची फांद्यांची घडण मी गमावली, त्याचे मला अजून वाईट वाटते.

तुलना सुरू करण्याआधी आपल्या झाडांची दोन गटांत विभागणी करा. पहिल्या गटातली फळे तोडल्यावर पिकतात: मामी, ब्लॅक सपोटे, अ‍ॅटेमोया, सीताफळ, मामफळ, ड्युरियन. झाडावर असताना त्यांतल्या अनेकांत पिष्ट साठते आणि पिकताना त्याची साखर होते. अशा फळाची गोडी कडक असताना मोजली तर आकडा निरर्थक येतो. दुसऱ्या गटातली फळे तोडल्यानंतर गोड होत नाहीत: रामबुतान, लिची, लोंगन. झाडावरून ज्या क्षणी काढली त्या क्षणाची गोडीच कायम राहते, पुढे फक्त साल सुकते. रामबुतान सालीला रंग चढला म्हणून काढणे ही नेहमीची चूक आहे. एकाच घोसातले एक फळ रंग भरताना, एक तीन दिवसांनी, एक सहा दिवसांनी असे खाऊन पाहा आणि तुमच्या झाडासाठी दिवस ठरवा. जातीजातीत हे दिवस वेगळे येतात.

ब्लॅक सपोटे पहिल्या गटातले, आणि सर्वांत जास्त गैरसमज याच्याच वाट्याला येतात. हे टेंभुर्णीचे भाऊबंद. कच्चे फळ इतके तुरट की तोंडाला मिठी बसते. तयार होताना चकचकीत हिरवी साल मंद पडून ऑलिव्हच्या छटेकडे झुकते, आणि फळाला चिकटून बसलेला देठाचा पेला कडेने उचलला जातो. हा पेला उचललेला दिसेपर्यंत फळ काढू नये. काढल्यावर ते कडकच राहते, एखाद दिवशी अचानक मऊ पडते, आणि खाण्यालायक अवस्था त्यानंतर येते, जेव्हा फळ हातात घेतले तर ते खराब झाले असावे असे वाटते. तुमचे तुरट झाड बहुधा दोन दिवस आधी कापलेल्या फळांमुळे तुरट ठरले आहे. आणि हेही तपासा, की दोन्ही झाडे खरोखर कलमे आहेत ना. ब्लॅक सपोटेत बियांपासून वाढलेली काही झाडे फक्त नरफुलांची निघतात, आणि काहींना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तुमच्या दोन्ही झाडांना फळे धरतात, म्हणजे ती काळजी नाही. पण त्यांतले एक काढून टाकलेत आणि उरलेले एकटे फळेनासे झाले, तर ते याच कारणाने असेल.

आता अ‍ॅटेमोया. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा 'पिंक्स मॅमथ वाईट' हा निष्कर्ष या झाडाचे फूल न पाहता काढलेला आहे.

अ‍ॅटेमोया म्हणजे चेरिमोया (सीताफळाचेच एक भावंड) आणि सीताफळ यांचा संकर. पी. जे. वेस्टर या उद्यानतज्ज्ञाने १९०८ मध्ये मायामी इथे हा संकर मुद्दाम घडवला. सीताफळाच्या कुळातल्या या फुलांची रीत अशी की प्रत्येक फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते. मादी अवस्थेत पाकळ्या जेमतेम किलकिल्या होतात, आतला कुक्षींचा (पराग जिथे लागतो त्या टोकांचा) शंकू ओलसर, चकचकीत, चिकट दिसतो. त्या वेळी त्याच फुलाचा पराग तयार नसतो. नर अवस्थेत पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर तपकिरी-करडे होऊन सुटे पडतात, आणि तोवर कुक्षी सुकलेली असते. म्हणजे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग जवळजवळ होत नाही. निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. ते कमी असतील किंवा हवा कोरडी आणि तापलेली असेल, तर कुक्षी लवकर वाळते आणि फळ धरत नाही.

वाकडे फळ का येते तेही यातच आहे. सीताफळासारखेच अ‍ॅटेमोयाचे फळ अनेक लहान भाग एकत्र जुळून बनते. ज्या कुक्षीपर्यंत पराग पोहोचला त्या खालचा भाग फुगतो, जिथे नाही पोहोचला तिथे खड्डा राहतो. तुमच्या चार वाकड्या फळांवर प्रत्यक्षात लिहिले आहे की पराग एका बाजूलाच लागला. फळाचा आकार, वजन आणि बियांची संख्या या तिन्ही गोष्टी परागीभवनावर अवलंबून असल्यामुळे हाताने पराग न देता तीन जातींच्या फळांची वजने ताडून पाहणे व्यर्थ आहे.

पराग देण्याची कृती सोपी आहे. संध्याकाळी नर अवस्थेतली फुले तोडा, कागदावर झटका, पडलेले पुंकेसर कोरड्या छोट्या डबीत घेऊन रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, किलकिली मादी फुले शोधा. एक पाकळी बोटाने हलकेच बाजूला करा आणि मऊ कुंचल्याने शंकूच्या सर्व बाजूंना पराग लावा. कुंचला गोल फिरवणे महत्त्वाचे, एका बाजूला टेकवून सोडू नका. मध्यम आकाराच्या, फांदीच्या आतल्या भागातल्या फुलांना प्राधान्य द्या. टोकावरच्या फळाने फांदी वाकते आणि वाऱ्यात घासून साल काळी पडते. एका डबीतला पराग त्या सकाळीच संपवा. तिन्ही झाडांना एकाच झाडाचा पराग द्या, म्हणजे परागाचा फरक तुलनेत शिरणार नाही. प्रत्येक झाडावर वीस फुले रंगीत दोऱ्याने खुणवा, आणि किती धरली, किती टिकली ते लिहून ठेवा.

तिन्ही जातींचा स्वभावही मुळात वेगळा आहे. गेफ्नर दमट हवेत हाताचा आधार न घेताही बऱ्यापैकी फळते, म्हणून ती लोकप्रिय झाली. आफ्रिकन प्राइड लहान वयात फळाला येते. पिंक्स मॅमथचे फळ मोठे, पण झाड उशिरा आणि कमी फळते, तरुण असताना तर फारच कंजूष. पाच वर्षांच्या पिंक्स मॅमथला गेफ्नरच्या शेजारी उभे करून फळे मोजली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. माझे मत विचाराल, तर ज्यांना सकाळी कुंचला घेऊन झाडापाशी जाणे जमणार नाही त्यांनी गेफ्नर एकच ठेवावी. तुम्हाला मात्र ते जमेल असे पत्रावरून वाटते.

रामबुतानच्या फुलोऱ्याच्या झाडाकडे या वेळी भिंग घेऊन बघा. बियांपासून उगवलेल्या रामबुतानांपैकी जवळपास निम्मी झाडे निव्वळ नर असतात. त्यांच्या फुलांत अंडाशयाचा पत्ता नसतो. जी झाडे फळतात त्यांची फुले दिसायला उभयलिंगी असली तरी बहुतेक मादीसारखी वागतात, पुंकेसर उघडतच नाहीत. फुलात दुहेरी फुगवटा असलेला लहानसा अंडाशय आणि वर दोन फाट्यांची कुक्षी दिसली, तर झाड मादी आहे आणि पराग कमी पडतो आहे. नुसते पुंकेसर दिसले तर नर. कलम म्हणून घेतलेले झाड नर निघाले, तर बहुधा वरचे कलम मेले आणि खालच्या खुंटाने (ज्या रोपावर कलम बांधतात त्याने) माथा धरला. जोडाच्या खालून फुटलेले खोड आहे का पाहा. तसे असेल तर त्या झाडावर दुसऱ्या रामबुतानची काडी बांधा, पण एक नर फांदी राखा. शेजारच्या झाडाला तिचा उपयोग होईल.

ड्युरियनची फुले सकाळी पडलेली दिसली म्हणून घाबरू नका. ती संध्याकाळी उमलतात, रात्री पराग सोडतात आणि पहाटेपूर्वीच पाकळ्या व पुंकेसर गळतात. खाली पडते ते बहुतेक हेच. धरलेल्या फुलाचा अंडाशय वर देठाला टिकून असतो. तो दोन आठवड्यांत गळला तर मात्र परागाची अडचण आहे. ड्युरियनच्या अनेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. दोन जाती शेजारी आहेत हे तुमचे भाग्य. वटवाघळे हे काम करतात. ती येत नसतील तर रात्री ७ ते ९ च्या दरम्यान मोन्थोंगचा पराग मुसांग किंगला आणि मुसांग किंगचा मोन्थोंगला असा कुंचल्याने द्या. ही झाडे एकमेकांसाठी आहेत, म्हणून त्यांतले एक काढण्याचा विचार सोडून द्या. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू ओल्या बुंध्यातून शिरतो, साल कुजवतो, आणि वाढलेले ड्युरियन एका पावसाळ्यात जाऊ शकते.

फळे येतील तेव्हा तुलनेचा एक विशेष पेच पडेल. मोन्थोंग झाडावरून कापून काढतात, फूल उमलल्यापासूनचे दिवस मोजून, आणि मग पिकवतात. मुसांग किंग आपोआप गळेपर्यंत थांबतात आणि लगेच खातात. दोघांना एकच नियम लावलात तर एकावर अन्याय होतो. प्रत्येक जात तिच्या उत्तम अवस्थेत खाऊन मगच ताडून पाहावी. काढणीचा दिवस सारखा असण्यापेक्षा पक्वता सारखी असणे महत्त्वाचे.

नावांबद्दलही बोलायला हवे, कारण दुर्मीळ झाडांत नावांचा घोळ फार आहे. एकाच जातीची अनेक नावे चालतात. मुसांग किंग, माओ शान वांग आणि डी १९७ हे एकच झाड. डी १९७ हा मलेशियातल्या नोंदणीचा क्रमांक, नोंदणी १९९३ ची. मोन्थोंगला तिथेच डी १५९ म्हणतात. आफ्रिकन प्राइडला काही ठिकाणी कालर म्हणतात, पांटिनला की वेस्ट. रामबुतानमधली रोंगरियन ही थायलंडची जात. थाई भाषेत या शब्दाचा अर्थ शाळा, कारण मूळ झाड ज्या आवारात होते तिथे पुढे शाळा झाली. मलेशियात तीच जात अनाक सकोलाह, म्हणजे शाळकरी मूल, आणि क्रमांक आर १९१. ही नावे माहीत नसली तर माणूस एकच जात दोनदा लावतो आणि दोन्हींत फरकही शोधून काढतो. मीही एका रोपवाटिकेतून दोन वेगळ्या नावांनी आणलेली अ‍ॅटेमोया सहा वर्षे वेगवेगळी म्हणून जपली. पान, फूल, फळावरचे उंचवटे, बी, सगळे एकच निघाले.

उलट प्रकारही होतो. मँगोस्टीनची बी फलन न होताच आईच्या ऊतीपासून तयार होते, म्हणून बियांची रोपे आईचीच प्रत असतात. तिथे कोणी दहा 'जाती' देऊ केल्या तर सावध व्हा. फरक असतात ते बहुतेक माती, सावली आणि वय यांचे.

झाडाची ओळख पटवायची असेल तर फळापेक्षा कोवळ्या पालवीचा रंग, पानाची शिर, फुलाचा काळ आणि बी यांवर भर द्या. फळ हवामानानुसार बदलते, बी फार कमी बदलते. प्रत्येक जातीच्या चार बिया धुऊन, वाळवून, पाकिटात नाव-तारीख घालून ठेवतो. पेरण्यासाठी अर्थात या वाळलेल्या बिया चालत नाहीत. रामबुतान, ड्युरियन, मामी यांची बी वाळली की मेली. आणि झाडाला प्लॅस्टिकच्या पट्टीवर शाईने लिहिलेले नाव लावू नका, ते दोन वर्षांत उडते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टोकदार खिळ्याने कोरा, पत्रा फांदीला सैल बांधा, आणि वहीत बागेचा नकाशाही काढा.

खुंटाचा विषय तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या अकरा झाडांतली तुलना बिघडवणारा मोठा भाग तोच आहे. वरची काडी एकाच जातीची असली तरी खालचा खुंट प्रत्येक वेळी वेगळ्या बियांचा असतो. दोन खुंटांची ताकद कधीच सारखी नसते. अ‍ॅटेमोया सीताफळाच्या खुंटावर बांधले तर झाड आटोपशीर राहते, चेरिमोयाच्या खुंटावर जोमाने वाढते. पाणथळ जागेसाठी याच कुळातल्या ग्लाब्राचा खुंट वापरतात, पण त्यावर प्रत्येक जात टिकत नाही. जोडापाशी खोड एकदम जाड-बारीक झालेले, पाने वेळेआधी पिवळी पडून गळणारी, अशी लक्षणे दिसली तर तो जोडाचा बेबनाव असतो आणि त्याचे खापर जातीवर फोडू नये. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह मिळत नाही, तिथेही जात निर्दोष.

म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. दोन जाती ताडायच्या असतील तर एकाच मजबूत झाडाच्या, सारख्या जाडीच्या, सारखे ऊन मिळणाऱ्या दोन-दोन फांद्यांवर दोन्ही जाती पाचर कलमाने बांधतो. मूळ एक, पाणी एक, खत एक. उरतो तो फरक जातीचा. जागाही वाचते, जी तुमची मुख्य अडचण आहे. मात्र यात एक धोका आहे. जोमदार जात दोन वर्षांत दुबळीला झाकून टाकते, म्हणून जोमदार फांदी दरवर्षी छाटावी लागते. वरच्या फांद्यांना नेहमी जास्त मिळते, तेव्हा दुबळी जात वर आणि दांडगी खाली बांधा. काड्या फळलेल्या झाडाच्या घ्या, रोपाच्या नव्हे, नाहीतर फळ दिसायलाच वर्षे जातात.

चव मोजण्याबद्दल. रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी मोजणारे उपकरण) जरूर घ्या, साध्या पाण्यावर शून्य दाखवतो का रोज तपासा, आणि रस फळाच्या मध्यातून चारी बाजूंनी घ्या, कारण देठाकडची आणि टोकाकडची गोडी सारखी नसते. मामीचा गर दाट, त्याला थेंब सुटत नाही. वजनाने तेवढेच पाणी मिसळून घोटा, गाळा, येणारा आकडा दुप्पट करा. प्रत्येक झाडाची किमान पाच फळे, वेगवेगळ्या फांद्यांवरची. काढणीआधी आठवडाभर पाऊस किंवा भरपूर पाणी झाले असेल तर तसे वहीत लिहा, कारण गोडी त्याने उतरते. झाडावर फळांची दाटी असेल तर विरळणी करा; एका झाडावर दहा आणि दुसऱ्यावर साठ फळे असताना गोडीची तुलना होत नाही.

पण आकडा म्हणजे चव नव्हे. आंबटपणा, सुगंध, रेषा, बी सुटणे, हे त्यात येत नाही. रामबुतानमध्ये गर बीपासून सुटा निघतो की बीची साल सोबत ओढतो, हा फरक मला गोडीच्या दोन अंशांपेक्षा मोठा वाटतो. चवीसाठी तीन वाट्यांची चाचणी करा. दोन वाट्यांत एक जात, तिसरीत दुसरी, वर फक्त क्रमांक, आणि खाणाऱ्याला वेगळी वाटी ओळखायला सांगा. अंदाजाने ओळखण्याची शक्यता तिनात एक असते. बारा जणांपैकी निदान आठ जणांनी बरोबर ओळखली तरच फरक खरा माना. आपण ज्या जातीसाठी सहा वर्षे पाणी घातले तिचे नाव माहीत असताना जीभ प्रामाणिक राहत नाही. माझीही नाही. एका ब्लॅक सपोटेबद्दल मी वर्षानुवर्षे ठाम होतो की तेच सर्वोत्तम, आणि नाव झाकल्यावर मला ते दुसऱ्यापासून वेगळे ओळखताच आले नाही.

पहिल्या दोन हंगामांची फळे मी हिशेबात धरत नाही. कोवळ्या झाडावर पाने कमी, मुळे उथळ, फळाला साखर पुरवायला झाडच अपुरे. तिसऱ्या हंगामापासून नोंद, पाचव्यापर्यंत निकाल.

तर तुमच्या बागेसाठी. ड्युरियन दोन्ही राहतील. ब्लॅक सपोटेत जागेची ओढाताण असेल तर एका झाडाच्या दोन फांद्या दुसऱ्यावर बांधून, त्या फळल्यावरच मूळ झाड काढा. रामबुतानचे वर सांगितलेच. अ‍ॅटेमोयाची तीन झाडे एकावर आणता येतील: गेफ्नर मूळ ठेवा, तिच्यावर पिंक्स मॅमथ आणि आफ्रिकन प्राइड बांधा, आणि पुढे दोन हंगाम कुंचल्याने पराग देऊन मगच उरलेल्या दोन झाडांचा निर्णय घ्या. मामीचे कलम अवघड असते, चिकामुळे जोड बसत नाही. काडी ज्या फांदीवरून घ्यायची तिची साल काही आठवडे आधी गोल वलयासारखी काढून ठेवा, म्हणजे अन्नसाठा काडीतच साचतो. डोळे फुगलेले दिसले की काडी घ्या, पाने देठ राखून कापा, हवा उबदार असताना बगल कलम बांधा, आणि जोड मेणपट्टीने घट्ट झाका. पांटिनवर मगान्या बांधायचीच असेल तर पांटिनच्या दोन फांद्या तशाच राहू द्या, आणि त्यांवरचे पहिले फळ काढण्याआधी देठाजवळची साल खरवडून बघा.